अक्काचा बाहेर काढून ठेवलेला पाय

रेवा, परवा तू फोनवर सांगितलंस की उन्हाळ्यात तुला परदेशात इंटर्नशिप मिळाली आहे, आणि वर मोठ्या दयाळूपणे विचारलंस, "आजी, तुझ्या वेळी असं काही असायचं का?" तुझ्या मागे अर्णव काहीतरी कुरकुरीत खात होता, तोही चावायचा थांबला. मी "असायचं थोडंफार" म्हणून विषय बदलला, कारण फोनवर मला कुठलीही गोष्ट क्रमानं सांगता येत नाही. मध्येच तुमच्यापैकी कोणाची तरी बस येते. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही. शाळेपासूनचं माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण अक्का इंग्रजीत बोलायला लागली की ती मला ओळखू येत नाही. तेव्हा आईला वाचून दाखवायला सांगा, आणि जिथे ती हसत थांबेल तिथे तिला पाणी द्या.

पहिली गोष्ट म्हणजे, इंटर्नशिप माझी नव्हती. ती मारिट नावाच्या नॉर्वेतल्या मुलीची होती, आणि परदेश म्हणजे आमचं जळगाव. मारिट माझ्यासारखीच मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला स्वस्तातला कृत्रिम पाय बनवायचा होता, आणि तिच्या प्राध्यापकांना कुठून तरी कळलं होतं की जळगावात प्लॅस्टिकचे पाइप बनतात आणि तापवले की ते मळलेल्या पिठासारखे मऊ होतात. आमच्या कॉलेजात मेकॅनिकलला मुलगी मी एकटीच, त्यामुळे तीन महिने ती आमच्या घरी राहणार असं प्राचार्यांनी ठरवून टाकलं. माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, त्यांनी तसं कळवलंही. माझ्या आईला विचारायचं तेवढं राहून गेलं. एका दुपारी सहा फुटांची मुलगी पाठीवर पोतडी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा आई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली, अजून वर केली, आणि मला म्हणाली, "हिला खाट पुरायची नाही."

पुरली नाहीच. तीन महिने मारिटचे पाय घोट्यापासून पुढे खाटेबाहेर असत आणि येणारा-जाणारा त्यांना अडखळत असे. आमच्या घरामागे डाळ मिल होती. सकाळी सहाला ती घरघरायला लागली की भांड्यांच्या मांडणीतली पितळी झाकणं हलके वाजू लागत. त्या आवाजात आम्ही सगळे गाढ झोपायचो आणि मिल बंद पडली की दचकून उठायचो. मारिटचं नेमकं उलट होतं. स्वयंपाकघरात बसायला एक बुटका पाट होता, त्यावर बसली की तिचे गुडघे कानांशी यायचे. पहिल्याच दिवशी आईनं तिला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली, वर तर्री जरा सैल हातानं घातली. मारिटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नाना घाबरून साखर आणायला उठले, तर हिनं डोळे पुसत वाटी पुढे केली. त्या क्षणापासून आईनं तिला आपलं मानलं आणि माझ्यापेक्षा जास्त वाढायला सुरुवात केली.

पायांखेरीज मारिटला एकच वेड होतं, जंगली प्राण्यांचं. जंगली याचा अर्थ तिच्या लेखी कोणी पाळलेला नसलेला कोणताही जीव. आईनं पाल हाकलायला झाडू दिला, तर तिनं पट्टीनं पालीची लांबी मोजून झाडू परत केला. तिच्या वहीत आमच्या घराचीच दोन पानं भरली होती. पण तिला खरं पाहायचं होतं ते साळिंदर. सातपुड्याच्या पायथ्याशी ते असतं एवढं तिनं वाचलेलं होतं, आणि रविवार आला की ती मला सायकलवर कुठे कुठे नेई. प्रत्येक गावात कोणीतरी अगदी खात्रीनं सांगायचं की कालच इथे होतं. काल ते सगळ्या गावांत होतं. मी तिची दुभाषी असल्यानं "कालच" हा शब्द नॉर्वेजियनमध्ये कसा म्हणतात तेही शिकले.

पाय बनवायची पद्धत शिकायला आम्हाला धुळ्याला जावं लागलं. तिथल्या एका डॉक्टरांनी आम्हाला दिवसभर उभं करून सगळं दाखवलं. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा कसा घ्यायचा, त्यावर तापवलेला पाइप कसा ओढायचा, आणि मांडीला पट्टा कुठे यायला हवा. शेवटी ते म्हणाले, आता एका खऱ्या माणसाला चालवून दाखवा, मग पुढचं बोलू. नमुना म्हणून त्यांनी एक जुना पाय दिला. तो आम्ही टॉवेलात गुंडाळून एसटीत सीटखाली सरकवला. पारोळ्याच्या आसपास टॉवेल सुटला असणार. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी खाली पाहिलं, एक पाऊल दिसलं, आणि काही न बोलता आपल्या घोंगडीचं टोक त्यावर टाकलं. आत कोणीतरी दमून झोपलंय असं त्यांना वाटलं. कंडक्टरला मात्र दया आली नाही. त्यानं वाकून घोंगडी उचलली आणि त्या पावलाला दरडावलं, "खाले कोन शे? बाहेर निंघ आन तिकीट काढ." पाऊल हललं नाही. त्यानं बोटानं टोचून पाहिलं आणि मग तो सरळ झाला, पंचिंग मशीन खिशात घातलं आणि एरंडोलपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही. मी मारिटला सांगितलं की त्यानं आपल्या सामानाची चौकशी केली. दुभाष्याचं काम तुम्ही कधी केलंत, तर सगळं सांगू नका.

आता खरा माणूस. तो शोधायची गरज नव्हती. फैजपूरजवळच्या एका गावात नानांची थोरली बहीण राहायची. नात्यानं ती माझी आत्या, पण तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून मीही. दोन वर्षांपूर्वी केळीनं भरलेल्या गाडीचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं होतं आणि तो पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. तेव्हापासून ती ओट्यावरच्या खाटेवरून शेती करत होती, म्हणजे ओरडून. तिचा आवाज बागेच्या तिसऱ्या बांधापर्यंत पोचायचा. तिचे यजमान आबा महिन्यात चार वाक्यं बोलत आणि ती चारही अक्काच्या म्हणण्याला होकार देणारी असत. घरात तिची एकच प्रतिस्पर्धी होती, ती म्हणजे धाकटी जाऊ, द्वारकाकाकू.

त्या घरात एक रीत होती. बाग तयार झाली की पहिला घड घरातल्या थोरल्या बाईनं कापायचा. झाडाला हळदकुंकू, बुंध्याशी नारळ, आणि मग कोयत्याचा एकच वार. तीस वर्षं तो मान अक्काचा होता. ती पडल्यापासून तो द्वारकाकाकूंकडे गेला होता, आणि गेल्या वर्षी काकूंना घड उतरवायला तीन वार लागले होते. अक्कानं ते पाहिलं नव्हतं. तिनं ते वार ओट्यावरून ऐकले होते, मोजून. यंदा तिनं आबांसमोर आणि चार शेजाऱ्यांसमोर जाहीर करून टाकलं की कापणीच्या दिवशी ती बागेत स्वतःच्या पायांनी चालत येईल. नाही आली, तर कोयता कायमचा द्वारकेचा. द्वारकाकाकूंनी लगेच कोयता धार लावायला पाठवला.

कापणीचा गुरुवार ठरला, व्यापाऱ्याची गाडीही ठरली. आम्ही साचा घ्यायला गेलो तेव्हा ओट्यासमोर अर्धं गाव जमलं होतं. मारिट ओलं प्लास्टर लावत होती आणि अक्का लोकांना सांगत होती की गोरी मले सारवू राह्यली. साचा घेऊन आम्ही जळगावला परतलो. तिथे एमआयडीसीत तायडेमिस्त्रींचं पाइप जोडायचं छोटं वर्कशॉप होतं. मिस्त्री शांत, नेमके, पेन्सिल कानावर ठेवून खिशात शोधणारे. त्यांनी पाइप भट्टीत तापवून साच्यावर असा ओढला की मारिटनं टाळ्या वाजवल्या. पावलाचा प्रश्न मात्र मारिटनं स्वतः सोडवला. तिच्याकडे डोंगर चढायचे मजबूत चामडी बूट होते. त्यातला डावा तिनं अक्कासाठी दिला आणि चार बोल्टांनी पाइपला पक्का बसवला. भरीव, न घसरणारा, पावसाळी. तिच्या देशात माणूस त्या बुटात आयुष्य काढतो.

कापणीच्या आधीच्या रविवारी अक्कानं तो पाय चढवला. ती उभी राहिली, एकदा आबांचा खांदा धरला, मग सोडला, आणि अंगणातल्या कडुनिंबापर्यंत जाऊन परत आली. डाव्या बाजूनं नॉर्वे, उजव्या बाजूनं अनवाणी फैजपूर. आबा बोलले, "चालली." त्या महिन्यातलं ते पहिलं वाक्य असावं. द्वारकाकाकूंनी लुगड्याचा पदर तोंडावर धरला आणि म्हणाल्या, "एका पायानं कास्तकारीण, अन् एका पायानं फौजदार." सगळे हसले, अक्कासुद्धा. मग ती चहा टाकायला घराकडे वळली, दारापाशी आली, आणि थांबली. उंबरठ्याला टेकून तिनं पट्टे सोडले, पाय काढला, बाहेर चपलांच्या ओळीत नीट लावून ठेवला आणि भिंत धरून एका पायावर उड्या मारत चुलीकडे गेली.

मारिटनं मला घाबरून विचारलं, तिला टोचतंय का? मी आत जाऊन विचारलं. अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पोतडी घेऊन परदेशातून आले होते. "बूट घालून कोणी चुलीपाशी येते का वं माय?"

मुलांनो, मी तो बूट बसवताना तासभर पाना धरून उभी होते. आमच्याच घरात मी रोज दहा वेळा चप्पल बाहेर काढत होते. पण मला एकदाही सुचलं नाही. मी इंजिनिअरिंग इंग्रजीत शिकत होते आणि त्या पुस्तकांतल्या घरांना उंबरठा नव्हता. आम्ही त्या दिवशी तिथेच मुक्काम केला. अक्कानं पाय बाहेरच ठेवला. आबांनी पट्टे मऊ राहावेत म्हणून त्यांना एरंडेल चोळून दिलं, आणि सगळे झोपलो.

सोमवारी सकाळी मला जाग आली ती मारिटच्या किंकाळीनं. मी धावत बाहेर गेले. बुटाची वरची बाजू नाहीशी झाली होती, पट्ट्यांचे तुकडे उरले होते, आणि पाइपच्या कडेवर दातांच्या खोल जोडखुणा होत्या. शेजारी एक काळापांढरा काटा पडला होता, वीतभर लांब. घामाचं मीठ आणि एरंडेल लागलेलं चामडं साळिंदराला जेवणाच्या पानासारखं वाटलं असणार. आणि मारिट? ती मातीत पोटावर पालथी पडून दातांच्या खुणा पट्टीनं मोजत होती. तिचा चेहरा आनंदानं लाल झाला होता. ती मला सांगत होती की वरच्या दातांची रुंदी बघ, शालू, हे पूर्ण वाढलेलं आहे!

मी आयुष्यात फार वेळा कोणावर ओरडले नाही. त्या सकाळी ओरडले, आणि चांगल्या शुद्ध इंग्रजीत. तीन दिवसांवर कापणी आली आहे, हा तुझ्या वहीतला प्राणी नाही, हा माझ्या आत्याचा पाय आहे, असं काहीतरी. अक्का चौकट धरून एका पायावर उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "काय म्हनते गोरी?" मी म्हटलं, तिला फार वाईट वाटतंय. अक्कानं मारिटकडे पाहिलं, ती अजून काटा हातात घेऊन होती. "वाईट वाटल्यावर तिच्या देशात असं लोळतेत का?"

मग मारिटनं अक्काला नीट पाहिलं. म्हणजे चौकटीवरचा हात पाहिला, एका पायाला आलेली थरथर पाहिली. ती उठली, अंगावरची माती झटकली नाही, काटा ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "विचार तिला, तिला कसा पाय हवा आहे." महिनाभर आम्ही सगळ्यांना विचारलं होतं. डॉक्टरांना, मिस्त्रींना, पुस्तकांना. जिचा पाय, तिला कोणी विचारलं नव्हतं.

अक्का खाटेवर बसली आणि तिनं मला लिहून घ्यायला लावलं. मी क्रमांक घालून लिहिलं, मला तशीच सवय आहे. एक, चुलीपाशी नेता आला पाहिजे, म्हणजे चामडं नको, बूट नको. दोन, उकिडवं बसता आलं पाहिजे. तीन, चिखलात गेला तर धुता आला पाहिजे. मग ती थांबली आणि पदराची गाठ सोडली. गाठीत चांदीचं एक जोडवं होतं, काढलेल्या पायातलं. चार, अंगठ्याशेजारचं बोट सुटं पाहिजे. मारिटनं विचारलं, हे चालण्यासाठी गरजेचं आहे का? मी ते विचारलं, आणि अक्कानं ओट्याच्या कडेला बसलेल्या आबांकडे बोट दाखवलं.

"नवरा अख्खा जित्ता हाये, अन् मी अर्धी सवाशीन राहू का?"

आबांनी मान हलवली. मारिटनं चौथा मुद्दा स्वतःच्या वहीत उतरवला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुपारच्या बसनं आम्ही जळगाव गाठलं. पुढचे दोन दिवस आम्ही तायडेमिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये काढले. मिस्त्रींनी चारही मुद्दे वाचले आणि म्हणाले, हे आधी सांगायचं होतं, ताई. पाइपची मागची कड त्यांनी गुडघ्यामागे खाली कापली, म्हणजे उकिडवं बसता येईल. पट्टे खाटेच्या कापडी नवारीचे केले. पाऊल रबराचे थर एकावर एक चिकटवून कोरायचं ठरलं, पण कोरायला समोर पाऊल हवं. मारिटचं पाऊल म्हणजे होडी. मिस्त्रींच्या डाव्या पायाचा अंगठा लहानपणीच चेमटलेला. राहिले मी. मला चार तास टेबलावर अनवाणी उभं केलं गेलं. कामगार येता-जाता पाहत होते आणि मिस्त्री मधूनच पेन्सिलीनं माझ्या बोटाला स्पर्श करून "हलू नका" म्हणत होते. त्यामुळे तुम्हाला सांगते, अक्काचा डावा पाय म्हणजे खरं तर माझा पाय. माझे तळवे सपाट आहेत, हे मला तेव्हाच कळलं. मिस्त्रींनी हळहळून सांगितलं. तुम्हा दोघांचेही आहेत. रंगासाठी त्यांनी तीन डबे एकत्र केले. पहिल्यांदा फार गोरं झालं, दुसऱ्यांदा फार लाल, तिसऱ्यांदा बरोबर गव्हाळ उतरलं. शेवटी त्यांनी बारीक करवतीनं अंगठ्याशेजारचं बोट दोन्ही बाजूंनी सुटं केलं, फटीत स्वतःची करंगळी घालून पाहिली आणि समाधानानं कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

गुरुवारी पहिल्या बसनं आम्ही पोचलो, तर अंगणात व्यापाऱ्याची गाडी उभी होती. द्वारकाकाकूंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि कोयता त्यांच्या मांडीवर होता. अक्कानं पाय बांधला, जोडवं चढवलं आणि सगळ्यांत आधी घरात गेली. बाहेर आम्ही सगळे कान लावून बसलो. आतून चुलीला फुंकर घातल्याचा आवाज आला, मग भांड्याचा, मग अक्काचा, की साखर कोणी हलवली. ती दहा मिनिटांनी बाहेर आली ती हातात चहाची पातेली घेऊन. सगळ्यांना चहा दिला, पहिला व्यापाऱ्याला, दुसरा मारिटला. द्वारकाकाकूंनी तिच्या पायाकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हा पाय त्या पायापरीस तरणा हाये."

बागेपर्यंत बांधावरून चालत जायला एरवी पाच मिनिटं लागतात. अक्काला पंचवीस लागली. कोणी हात पुढे केला की ती त्या हाताकडे पाहायची आणि हात मागे जायचा. मारिट तिच्या मागे दोन पावलांवर चालत होती. तिच्या हातात वही होती, पण ती काही लिहीत नव्हती. पहिल्या ओळीत, पाण्याच्या पाटाच्या कडेला, पूजेचं झाड होतं. आदल्या दिवशीच पाणी दिलं होतं, माती काळी आणि ओली. हळदकुंकू झालं, नारळ झाला. घड कापताना एक जण वार करतो आणि दुसरा खाली खांदा देऊन वजन घेतो. तो खांदा कायम आबांचा असे. आबा पुढे सरले, तर द्वारकाकाकूंनी त्यांना बाजूला केलं. कोयता त्यांनी अक्काच्या हातात दिला, मूठ पुढे करून, आणि स्वतः घडाखाली खांदा लावला. का, ते मला आजही सांगता येत नाही. वार मोजायला त्यांना जवळची जागा हवी होती, असं त्या नंतर म्हणायच्या.

एकच वार. घड सबंध खाली आला, काकूंच्या खांद्यावर बसला, काकू हेलकावल्या, आणि त्यांना सावरायला अक्कानं डावा पाय पुढे टाकला तो थेट पाटाच्या चिखलात. घोट्यापर्यंत रुतला. तिनं ओढला, तर अक्का वर आली आणि पाय खाली राहिला. आता तिथे दोन बाया होत्या, तीन पाय, एक पूर्ण वाढलेला घड, आणि अक्काचा एक हात द्वारकाकाकूंच्या गळ्यात. कोणीही हललं असतं तर सगळंच पाटात गेलं असतं. मारिट आणि मी दोन्ही बाजूंनी धावलो, दोघीही त्या चिखलातल्या पावलाकडे. अक्का आमच्यावर अशी ओरडली की तिसऱ्या बांधावरचे बगळे उडाले.

"पहिले घड उतरवा. पाय कुठी पळून जात नही."

आबांनी आणि व्यापाऱ्यानं घड उतरवून घेतला, मग आम्ही अक्काला बांधावर बसवलं. पाय काढायला खाली उतरल्या त्या द्वारकाकाकू, नवं लुगडं खोचून. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून उपटला, पाटात खळखळून धुतला, बोटांच्या फटीतला चिखल काडीनं काढला, जोडवं आहे ना ते बघितलं, आणि अक्कापुढे गुडघ्यावर बसून बांधू लागल्या. "एक वार," त्या खाली मान घालून पुटपुटल्या, "मोजला मी." अक्का त्यांना काहीतरी म्हणाली. मारिटनं हळूच मला विचारलं की ती काय म्हणते आहे, आभार मानते आहे का?

मी या वेळी काहीही न गाळता सांगितलं. ती म्हणते आहे, पट्टा अजून आवळ, तीन ओळी कापायच्या राहिल्यात.